मिलिग्रॅमचं थिएटर

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी जमवलं. त्यामुळे तिच्या नवऱ्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा, आणि त्या लग्नाचा ठपका कुणावर ठेवायचाच झाला तर तोही माझ्याच माथी.

माझी पिठाची गिरणी आहे. तो वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी फिरून काटे तपासायचे, खोटा निघाला तर सील ठोकायचं, खरा असला तर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. सत्तावीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा माझ्या गिरणीत आला. मखमल लावलेली लाकडी पेटी उघडली आणि आतली पितळी वजनं चिमट्याने एकेक करून बाहेर काढली. बोटं लावत नव्हता. बोटांचा घाम वजनाला चिकटतो, म्हणाला. माझा काटा किलोमागे आठ ग्रॅम जास्त दाखवत होता, म्हणजे फायदा माझा. मी चहा मागवला, त्याने घेतला नाही. खुर्ची पुढे केली, बसला नाही. सील ठोकून गेला. मी काटा दुरुस्त करून निरोप पाठवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्का घेऊन हजर. बाजारात सगळे त्याला ‘मिलिग्रॅम’ म्हणायचे. निम्मे शिवी म्हणून, निम्मे धाक म्हणून. मला वाटलं, असा सरळ माणूस आपल्या नात्यात हवा. आईवडिलांच्या कानावर घातलं आणि सहा महिन्यांत धाकटी त्याच्या घरी गेली.

आता त्या आठ ग्रॅमची शिक्षा मी भोगते आहे असं म्हटलं असतं, पण भोगते ती. मी नुसती बघते.

सुरुवातीची वीसेक वर्षं तशी बरी गेली. मग खात्यात नवी यंत्रं आली. काटा यंत्रावर ठेवायचा, यंत्र स्वतःच तपासतं, स्वतःच कागद छापतं. पितळी वजनांची पेटी कपाटात गेली आणि हा माणूस टेबलाशी बसून छापील कागदांवर सह्या करू लागला. त्याची ती सगळी अचूकता बेकार झाली. बेकार माणसं घरी बसतात, तशी तीही घरी येऊन बसली.

नेमकी त्याच वर्षी भाची शिकायला बाहेरगावी गेली, तिची खोली रिकामी झाली. पंधरा दिवसांत पलंग गेला, पुस्तकांचं कपाट बाल्कनीत गेलं आणि भिंत झाकेल एवढा पडदा आला. पडद्याखाली बुटांच्या खोक्याएवढा काळा कॉम्प्युटर, चारही कोपऱ्यांत स्पीकर, आणि मागे वायरींचा असा गुंता की उंदरानेही विचार करून आत शिरावं. बैठकीच्या खोलीतला जुना टीव्ही त्याने कुणाला तरी देऊन टाकला.

‘‘ताई, आता सगळं एका जागी,’’ मला मोठ्या कौतुकाने दाखवायला लागला. ‘‘सिनेमे, गाणी, घरचे फोटो, टीव्हीचे चॅनेल. एकच मीडिया सेंटर, एकच रिमोट. बघणाऱ्याची सोय.’’

‘‘सुरू करून दाखवा ना मग.’’

‘‘आत्ता लायब्ररी स्कॅन होतेय. थोडं थांबा.’’

मी पाऊण तास थांबले. मग गिरणीत दळणं खोळंबली होती म्हणून निघाले.

ती लायब्ररी म्हणजे काय ते मला पुढे हळूहळू कळलं. अकराशेच्या वर सिनेमे त्याने गोळा केले होते. प्रत्येकाचं नाव, साल, लांबी, कलाकार, चित्र, सगळं जागच्या जागी. सॉफ्टवेअर फाइलचं नाव वाचून ही माहिती स्वतःच शोधून आणतं, आणि चुकीची आणली की हा बसून दुरुस्त करतो. पाहिलेल्या सिनेमापुढे बरोबरची खूण येते. मी एकदा खुणा मोजल्या. एकतीस. आणि त्यातल्याही काही, चालतो का बघायला म्हणून शेवटपर्यंत पळवून आणलेल्या सिनेमांच्या.

‘घर’ नावाच्या एका फोल्डरमध्ये भाची पहिल्यांदा चालायला लागली तेव्हाचं चित्रीकरण होतं. सॉफ्टवेअरला तो याच नावाचा एखादा सिनेमा वाटला. त्याने भाचीच्या पावलांवर खिडकीवर रक्ताळलेला हात असलेलं चित्र आणून चिकटवलं आणि खाली लिहिलं, फक्त प्रौढांसाठी. कुणीही हसलं असतं. हा हसला नाही. आठ दिवस तो त्या एका चुकीच्या मागे लागला होता. तेवढ्या दिवसांत भाचीचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा ‘नंतर करतो’ म्हणाला.

खोलीचे नियम वेगळेच. जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवलेली. तिच्या पुढे खुर्ची न्यायची नाही, कारण पडद्यापासून दोन मीटर सत्तर सेंटीमीटर हेच योग्य अंतर. आत खायचं नाही. मध्येच उठायचं नाही, कारण उठलं की पट्टीवरून खुर्ची हलते. सुट्टीत भाची घरी आली की त्याच खोलीत, स्पीकरखाली गादी टाकून झोपायची. सकाळी सातला उठून गादी गुंडाळायची, कारण साहेबांना आवाजाची चाचणी घ्यायची असायची. तिने दुसऱ्या सुट्टीपासून यायचे दिवस कमी केले. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

घरात त्याची आई, म्हणजे धाकटीच्या सासूबाईही होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कानांनी कमी, बाकी खणखणीत. दुपारची जेवणं झाली की एक मालिका बघायची, एवढाच त्यांचा हट्ट. जुन्या टीव्हीवर त्या लाल बटण दाबायच्या आणि बघायच्या. नव्या व्यवस्थेत त्यांना स्वतःचं खातं, स्वतःचा पासवर्ड आणि प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद मिळाला. त्यावर चौदा पायऱ्या. पाचवी पायरी होती, ‘मुख्य पडदा आला नसल्यास पायरी दोनवर परत जावे.’ सासूबाई दोनवर परत जायच्या, पाचवर यायच्या, पुन्हा दोनवर जायच्या. मग मालिकेची वेळ टळून जायची.

एकदा मी दुपारी पीठ द्यायला गेले, तर त्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे ताठ बसून पडद्याकडे बघत होत्या. बराच वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर सिनेमांची चित्रं आपोआप तरंगायला लागतात. एक येतं, मोठं होतं, विरतं, दुसरं येतं.

‘‘काय बघताय मावशी?’’ मी कानाशी जाऊन विचारलं.

‘‘कुणास ठाऊक. छान आहे पण. फक्त कुणी बोलत नाही.’’

मला त्या माणसाची खरंच चीड आली ती त्या दिवशी. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘‘तो स्क्रीनसेव्हर आहे ताई. आईने पायरी नऊ चुकवली असणार.’’

आता धाकटीबद्दल. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात काय आहे ते तपासायचं, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. घरी ती कामाचं बोलत नाही. बोलली तरी ऐकणार कोण? गेल्या वर्षी गावाच्या एका भागात कावीळ पसरली. वरिष्ठ म्हणाले, पाण्यात दोष नाही, लोक बाहेरचं खातात. धाकटी गप्प बसली नाही. बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून नळ नळ फिरली आणि शेवटी शाळेच्या मैदानामागे एका जुन्या पाइपाशी येऊन थांबली. तिथे सांडपाण्याची वाहिनी पिण्याच्या पाइपावरून गेली होती आणि जोड कुजला होता. रस्ता खणायला लावला, तो भाग चार दिवस कोरडा ठेवला. कावीळ थांबली.

ही गोष्ट एका चॅनेलच्या कानावर गेली. ते लोक प्रयोगशाळेत आले, तिच्याशी बोलले आणि म्हणाले, रविवारी संध्याकाळी पाच वाजता दाखवू.

बायको टीव्हीवर येणार म्हटल्यावर मिलिग्रॅमला खरंच आनंद झाला, तेवढं मी त्याच्या पदरात घालते. तो दुकानादुकानांत सांगत सुटला. पण त्याचा आनंदही त्याच वाटेने गेला. बुधवारीच त्याने मीडिया सेंटरमध्ये कार्यक्रमाची नोंद करून ठेवली. धाकटीचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याचं पोस्टर बनवलं, खाली साल, लांबी, प्रकार: माहितीपट. आणि तारे. पाचपैकी चार.

मी म्हटलं, ‘‘अजून बघितला नाही तर चार कसे दिले?’’

‘‘अंदाजाने.’’

‘‘मग पाच का नाही?’’

‘‘ताई, घरचं माणूस आहे म्हणून पाच दिले तर लायब्ररीची विश्वासार्हता राहत नाही.’’

धाकटी तिथेच कपड्यांच्या घड्या करत होती. तिने मान वर केली नाही.

रविवारी साडेचारला आम्ही सगळे खोलीत. धाकटी, सासूबाई, मी आणि समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. चार खुर्च्या पट्टीला लावून एका ओळीत, बस थांब्यावर बसल्यासारख्या. धाकटीने इस्त्रीची साडी नेसली होती. टीव्हीत दिसणार ती दुसरीच साडी, पण तरी.

चार पंचावन्नला पडदा उजळला. चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. नदीसुद्धा ओली वाटावी असं. मिलिग्रॅमने मान डोलावली, पण त्याच्या कानाला काहीतरी खटकलं.

‘‘मागचा डावा स्पीकर मंद आहे.’’

‘‘असू द्या हो,’’ धाकटी म्हणाली. ‘‘पाच वाजतायत.’’

‘‘दोन मिनिटं. पुन्हा सुरू केलं की होईल.’’

त्याने पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला. मग निळा झाला. मग त्यावर आलं, ‘नवी आवृत्ती बसवली जात आहे. कृपया यंत्र बंद करू नये.’ खाली एक रेघ सरकायला लागली, मुंगीच्या पावलाने.

‘‘हे कुणी सुरू केलं?’’ तो आमच्याकडे वळून म्हणाला, जणू आमच्यापैकी कुणी पदराखालून केलं असावं.

पाच वाजले. रेघ अठरा टक्क्यांवर. पाच वाजून सात मिनिटं, एकतीस. मग रेघ एकदम संपली आणि पडदा आला, पण चॅनेलची यादी रिकामी. तो गुडघ्यांवर बसला, कॉम्प्युटरच्या मागे डोकं घातलं आणि वायरी चाचपायला लागला. ‘‘काळजी नको,’’ तिथूनच म्हणाला, ‘‘रेकॉर्डिंग लावलेलं आहे. तुम्ही जागा सोडू नका.’’

धाकटी उठली. रागावली वगैरे काही नाही. बसमधून आपला थांबा आला की माणूस उठतो तशी उठली. सासूबाईंना हाताला धरून उठवलं. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बघू लागल्या, मी मानेने दाराकडे खूण केली. चपला हातात घेऊन आम्ही चौघी जिन्याने खाली आलो. त्याला कळलंही नाही. त्याचं डोकं मागे, पाय पुढे.

इमारतीच्या तळमजल्यावर केस कापायचं दुकान आहे. पुरुषांचं. रविवारची गर्दी, दोन्ही खुर्च्या भरलेल्या, बाकावर आणखी तिघे. कोपऱ्यात फळीवर छोटा टीव्ही. आम्हाला दारात बघून न्हावी कात्री हवेत धरून उभाच राहिला.

‘‘चॅनेल बदलता का हो जरा?’’ धाकटीने नंबर सांगितला. ‘‘माझा कार्यक्रम लागलाय.’’

त्याने काही न विचारता बदलला. बाकावरचे तिघे उठले, आम्ही बसलो. टीव्हीचा रंग बिघडलेला, डावीकडची बाजू सगळी हिरवी. आणि त्या हिरव्या बाजूलाच धाकटी बोलत होती.

‘‘नमुना तीन दिवस ओळीने खराब आला,’’ हिरवी धाकटी सांगत होती. ‘‘मला म्हणाले, बाटली नीट धुतली नसेल. मी बाटली त्यांच्यासमोर धुतली, पुन्हा नमुना घेतला. मग म्हणाले, नळच घाण असेल. मग मी पुढच्या नळाला गेले.’’

विचारणाऱ्याने विचारलं, ‘‘असे किती नळ?’’

‘‘बासष्ट.’’

न्हाव्याने मशीन बंद केलं. दुकानात एवढी शांतता झाली की सासूबाईंनाही ऐकू आलं. खुर्चीतला एक माणूस, अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल कोरा, आरशातून आमच्याकडे बघत होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने मान वळवली.

‘‘म्हणजे आमच्या गल्लीचं पाणी चार दिवस तुम्ही बंद केलं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘फार शिव्या घातल्या हो आम्ही.’’

‘‘माहितीये,’’ धाकटी म्हणाली. ‘‘मी तिथेच उभी होते.’’

सगळे हसले. तीही हसली. इतक्या वर्षांत तिला लोकांसमोर असं हसताना मी पाहिलं नव्हतं. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, ‘‘बोलतेय बरं का छान!’’ आणि न्हाव्याने आम्हाला चहा पाजला.

वर गेलो तेव्हा सहा वाजायला आले होते. तो अजून गुडघ्यांवरच. आमच्या पायांचा आवाज ऐकून म्हणाला, ‘‘झालंच. आता सगळे स्पीकर बरोबर आहेत. बसा.’’ पडदा उजळला, त्यावर कुणीतरी गाद्या विकत होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ‘‘संपलेला दिसतो. पण रेकॉर्डिंग आहे.’’

रेकॉर्डिंग होतं. अद्ययावत करताना चॅनेलचे क्रमांक सरकले होते, त्यामुळे शेजारच्या चॅनेलचं. यादी परत आल्यावर सुरू झालेली दहा-बारा मिनिटं, काचेच्या टाकीत मासे कसे पाळावेत. वर धाकटीचं पोस्टर, खाली चार तारे, आत मासे. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि घरी गेल्या.

एवढ्यावर त्याला लाज वाटली असती तर ही गोष्ट सांगायला मी बसले नसते. त्याला वाईट वाटलं ते रेकॉर्डिंग चुकल्याचं. महिनाभर इंटरनेट धुंडाळून त्याने चॅनेलनेच टाकलेली त्या कार्यक्रमाची प्रत मिळवली, जागच्या जागी बसवली आणि मला मुद्दाम बोलावलं. धाकटी कामावर गेली होती. मी बसले. पडद्यावर माझी बहीण बोलायला लागली आणि त्याने लगेच थांबवलं.

‘‘बघा, ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.’’

‘‘मला नाही जाणवत.’’

‘‘एकशेवीस मिलिसेकंदांचा फरक आहे. मी शोधून काढला.’’

मग त्याने ते तुकडे पुन्हा पुन्हा लावून दाखवले. आधीचं, नंतरचं. ‘मग मी पुढच्या नळाला गेले.’ थांब. ‘मग मी पुढच्या नळाला गेले.’ थांब. ऐंशी. शंभर. एकशेवीस. ‘मग मी पुढच्या नळाला गेले.’ मला राहवेना.

‘‘भाऊजी, किती नळ फिरली हो ती?’’

‘‘कोण?’’

‘‘तुमची बायको. समोर बोलतेय ती.’’

तो विचारात पडला. पडद्याकडे बघत राहिला, उत्तर तिथे कुठेतरी खाली लिहिलेलं असावं तसा.

‘‘आवाज आता अगदी ओठांवर बसलाय,’’ म्हणाला.

मी तिथून उठले ते तडक प्रयोगशाळेत गेले. धाकटीला हे सांगावं की नाही, वाटेत ठरत नव्हतं. पण तिच्याकडेच सांगायला काहीतरी होतं. शेजारच्या तालुक्यात नवी प्रयोगशाळा उघडत होती, तिथे प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं. दोन वर्षांसाठी, राहायला जागा देऊन. तिने आधीच होकार कळवला होता.

‘‘घरी सांगितलंस?’’

‘‘सांगितलं. ते म्हणाले, तिथे इंटरनेट कसं आहे विचार.’’

मला वाटलं, आता हिला रडू येईल. तिने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली आणि ती फळीवर ठेवली.

जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी स्वतःची पिशवी भरून दाराशी आणून ठेवली. मुलाने विचारलं, ‘‘आई, तू कुठे निघालीस?’’

‘‘सुनेबरोबर.’’

‘‘अगं, पण इथे तुला सगळी सोय केलीय मी.’’

‘‘ती तू वापर,’’ त्या म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

आता त्या दोघी तिकडे दोन खोल्यांत राहतात. खाली एक छोटी बाग आहे, सासूबाई तिथे सकाळी जाऊन बसतात, ओळखी काढतात. भाची सुट्टीला सरळ तिकडेच जाते. धाकटीच्या हाताखाली चार जणं आहेत आणि ती त्यांना बाटली धुण्यापासून शिकवते. मी गेले होते तेव्हा जेवताना तासभर कामाचंच बोलत होती. मला निम्मं कळलं नाही, पण मी एकदाही उठले नाही.

मिलिग्रॅम दर रविवारी बसने जातो. तिथे धाकटीने घेतलेला साधा टीव्ही आहे, फळीवर, थोडा तिरका. पहिल्या रविवारी त्याने जाऊन तो सरळ केला, मागे वाकून बघितलं आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. सासूबाई ओरडल्या, ‘‘हात लावू नकोस!’’ तो खुर्चीवर जाऊन बसला. धाकटी सांगते की त्यानंतर पूर्ण एक तास तो दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्याबरोबर मालिका बघत होता, आणि शेवटी त्याने विचारलंसुद्धा की त्या बाईचा मुलगा घर सोडून का गेला.

ती सांगते म्हणून मी ऐकून घेते. मला खरं वाटत नाही.